घरचा कान

सूनबाईच्या नोकरीबद्दल सासूबाईंचं मत घरात सगळ्यांना पाठ होतं. आवाज कमीजास्त करायला माणूस कशाला लागतो? ते काम रिमोट करतो, आणि तो उलट उत्तरही देत नाही. हे त्या सुनेच्या पाठीमागे कधी बोलल्या नाहीत. पाठीमागे बोलण्यात त्यांना रसच नव्हता, समोरच्याचा चेहरा बघायला मिळत नाही.

"आई, रिमोट घरातला आवाज कमी करतो. मी मैदानावरचा आवाज घरात आणते," सूनबाई म्हणायची.

"आणतेस कशाला? घरात आहे तो काय कमी आहे?"

त्या दिवशी मात्र सूनबाई सकाळी उठून पाहते तो नवरोबा सर्दीने बेजार. नाक लाल, डोळे पाणावलेले, आणि दोन्ही कान गच्च. बायको काय म्हणते ते त्याला ऐकू येईना. तसं ते एरवीही येत नसे, पण आज खरंच येत नव्हतं. सूनबाई धास्तावली. नवऱ्याच्या सर्दीने नव्हे, सर्दी काय, चार दिवसांत जाते. आज दुपारचा सामना आणि तिचा घरचा कान बंद.

घरचा कान ही मास्तरांची पद्धत. मास्तर म्हणजे सूनबाई काम करते त्या व्हॅनवरचे मुख्य ध्वनिमिश्रक. फुटबॉलचे सामने टीव्हीवर थेट दाखवायला जी मोठी व्हॅन स्टेडियमच्या मागे उभी राहते, तिच्या पोटात एक चिंचोळी खोली असते. भिंतींना काळा फोम, मधोमध खुर्ची, समोर टेबलभर सरकणाऱ्या दांड्या, त्यांना फेडर म्हणतात, आणि खुर्चीच्या चहूबाजूंनी स्पीकर. पुढे तीन, मागे दोन. बोलणारा समालोचक पुढच्या मधल्या स्पीकरमधून, चेंडूची लाथ पुढच्या डाव्या-उजव्यातून, आणि प्रेक्षकांचा गलका मागून. म्हणजे घरी बसलेल्या माणसाला वाटावं, आपण स्टँडमध्येच बसलोय, फक्त पुढच्याचं डोकं मध्ये येत नाहीये.

मास्तर म्हणायचे, "या खोलीत सगळंच गोड लागतं. पाच स्पीकर तुझ्याभोवती हात जोडून उभे असतात. लोकांच्या घरी यातला एक कपाटावर असतो, एक पडद्यामागे, आणि एकावर कुणीतरी कुंडी ठेवलेली असते. आपल्याला जमलंय की नाही ते तिथे कळतं." म्हणून प्रत्येक सामन्याला ओळखीतलं एक माणूस घरी आपल्या टीव्हीसमोर बसायचं, आणि सुरुवातीला एकदा, मध्यंतरात एकदा व्हॅनवर फोन करायचं. मास्तरांच्या घरी हे काम त्यांची बायको करायची. फोनवर ती दोनच वाक्यं बोलायची, "बरंय" किंवा "डोकं उठलं". आणि नियम एकच. घरच्या कानाशी वाद घालायचा नाही.

आता मास्तर निवृत्त होत होते. त्यांची खुर्ची कुणाला द्यायची हे आजच्या सामन्यावर ठरणार होतं. सूनबाई इतकी वर्षं दुय्यम म्हणून शेजारी बसून खेळाडूंच्या मुलाखतींचे माइक आणि रिप्लेचे आवाज सांभाळत आली. आज पहिल्यांदा फेडर तिच्या हातात आणि मास्तर मागच्या स्टुलावर, तोंडाला कुलूप लावून. सामना नीट गेला तर खुर्ची तिची. घोटाळा झाला तर दुसऱ्या व्हॅनवरच्या एका गृहस्थांची, जे स्वतःच्या मिश्रणाचं कौतुक स्वतःच करत, इतरांना त्रास नको म्हणून.

"मी बसते," सासूबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"त्या टीव्हीपुढे. त्याचे कान गेले, माझे आहेत ना. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी किती झाली ते मी इथून सांगते."

सूनबाईला दुसरा इलाज नव्हता; पाच स्पीकर नीट लावलेला टीव्ही ओळखीत याच घरी होता, त्यातले दोन मागच्या भिंतीवर. ती म्हणाली, "आई, एवढंच करा, सामन्यात रमू नका. कोण जिंकलं, कोण पडलं ते सोडून द्या. फक्त आवाजाकडे लक्ष ठेवा. जे ऐकू येईल ते फोनवर जसंच्या तसं सांगा."

"मला तिखटमीठ लावायची सवय आहे असं म्हणायचंय का?"

"नाही हो आई."

"मग जा. उशीर करशील आणि वर माझं नाव सांगशील."

दुपारी व्हॅनमध्ये सूनबाई खुर्चीत बसली. मैदानाच्या कडेकडेने, गवतावर, केसाळ टोप्या घातलेले माइक ओळीने बसले होते, लांबून बघावं तर कुणाची तरी मांजरं पाळतीवर बसलीत. चेंडू ज्या माइकपाशी जाईल त्याचा फेडर वर, बाकीचे खाली, आणि चेंडू पुढे पळाला की बोटांनी त्याच्या मागे पळायचं. पियानो वाजवावा तसं दिसतं ते, पण सूर बावीस जण पायांनी ठरवतात. प्रेक्षकांचे माइक वेगळे. ते स्टँडच्या कठड्यांना बांधलेले. सामना सुरू व्हायच्या जरा आधी तारवाल्याने, म्हणजे मैदानभर केबल टाकणाऱ्या तिच्या जुन्या सहकाऱ्याने, आत डोकं घातलं.

"ताई, माइकच्या तारा जोडायची एक पेटी कुरकुरत होती. बदलली."

"कुठली?"

"समालोचकाची. आता झकास आहे."

तेवढ्यात घरून पहिला फोन आला.

"आई, कसं येतंय?"

"येतंय की. माणूस टीव्हीतून बोलतोय. फार बोलतोय. त्याला सांग, आम्हालाही डोळे आहेत."

"समोरून येतंय ना?"

"समोरून नाही तर काय माळ्यावरून येणार?"

सूनबाईने हसून फोन ठेवला. मागे स्टुलावर मास्तरांनी हाताची घडी घातली. सामना सुरू झाला.

आणि चांगला सुरू झाला. बोटं आपोआप पळू लागली. डाव्या कोपऱ्यातली लाथ डावीकडे वाजली, गोलरक्षकाची आरोळी उजवीकडून आली, गोल हुकला तेव्हा मागच्या दोन्ही स्पीकरमधून सगळ्या स्टँडने असा उसासा टाकला की सूनबाईच्या मानेवरचे केस हलल्यासारखे वाटले. मध्ये एक खेळाडू गुडघा धरून आडवा झाला. डॉक्टर धावले, खेळ थांबला, प्रेक्षक गप्प. थेट प्रक्षेपणात शांतता म्हणजे मोठी पंचाईत, लोकांना वाटतं टीव्हीच बिघडला. म्हणून सूनबाईने प्रेक्षकांचे फेडर चांगले वर ढकलले, म्हणजे निदान कुजबूज तरी जावी घराघरांत. कानातल्या हेडफोनवर दिग्दर्शक अखंड बोलत होता, हा कॅमेरा घे, तो सोड, गुडघा दाखव, नको, गुडघा नको. त्या बडबडीत तिने पुढची तयारी केली, खेळाडू उठला, खेळ पुन्हा सुरू झाला.

मध्यंतर झालं. स्टुडिओतले तज्ज्ञ बोलायला बसले. सूनबाईने हेडफोन मानेवर उतरवला, आणि फोन वाजला.

"ऐक," सासूबाई म्हणाल्या. आवाज कामाचा होता, घरच्या भांडणातला नव्हता. "तुझा तो बोलणारा माणूस माझ्या पाठीमागून बोलतोय."

"काय?"

"पाठीमागून. मानेपाशी. कुणी मागे उभं राहून सूचना देतंय असं वाटतंय, आणि ते मला अजिबात चालत नाही."

"आई, सुरुवातीला तर समोरून येत होता."

"सुरुवातीला येत होता. आता मागे गेला. तू म्हणालीस जसंच्या तसं सांग, ते सांगितलं."

समालोचक मागच्या स्पीकरमधून म्हणजे सगळ्यांच्या घरी समोर नुसता चेंडू आणि बोलणं पाठीत. सुरुवातीला ठीक होतं, मग बिघडलं, आणि सामन्याच्या जरा आधीच समालोचकाची पेटी बदललेली. तिने आधी आवाज मोजणाऱ्या समोरच्या काट्यांकडे पाहिलं. समालोचकाचा काटा पुढच्या मधल्या जागीच हलत होता. तिने समालोचकाच्या कक्षात निरोप दिला, जरा बोलून दाखव. तो म्हणाला, "एक, दोन, भूक लागली, तीन." समोरून आला, अगदी नाकासमोरून. पण ते व्हॅनमध्ये. व्हॅनमधून निघून टॉवर, केंद्र आणि कुठून कुठून जाऊन लोकांच्या घरी काय पोचतं, ते बघायला खोलीत एक छोटा टीव्ही होता खरा. त्याला पुढेच दोन स्पीकर. मागचं-पुढचं त्याला कळायचं कसं?

"तारवाल्याला बोलवा," ती म्हणाली.

तारवाला धापा टाकत आला. "ताई, पेटी बरोबर आहे. मी आईशप्पथ सांगतो."

"शपथ नको, तारा सांग."

"तारा पण बरोबर."

तिच्या समोरच्या पडद्यावर एक चौकट उघडी होती. कुठला आवाज कुठल्या स्पीकरला जाणार ते तिथे ठरतं. समालोचकाचं आणि मागचं, दोन्हींची अदलाबदल करायची तर दोनदा बोट लावलं की झालं. घरचा कान म्हणतो मागे, तर इथे पुढचं मागे करावं, म्हणजे घरी मागचं पुढे येईल. सोपं होतं. फारच सोपं होतं, आणि तिने बोट नेलंही. मग तिने मागे वळून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे बघत होते. त्या छताला बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"मास्तर, घरच्या कानाशी वाद घालायचा नाही, बरोबर?"

"बरोबर."

"चौकशी करता येते?"

मास्तरांनी छतावरची नजर काढली नाही. "तसा नियम केलेला आठवत नाही."

सूनबाईने बोट मागे घेतलं आणि फोन पुन्हा कानाला लावला. सासूबाई अजून तिथेच होत्या, फोन ठेवायची त्यांना सवय नव्हती, दुसऱ्याने ठेवेपर्यंत त्या थांबत.

"आई, तुम्ही कुठे बसल्यात?"

"माझ्या खुर्चीत. तुझ्या आईच्या खुर्चीत बसेन का?"

"खुर्ची कुठे आहे?"

"जागच्या जागी आहे. फक्त फिरवली."

"फिरवली म्हणजे?"

"म्हणजे काय, फिरवली. टीव्हीकडे पाठ केली." सासूबाईंच्या आवाजात आता अभिमान आला. "पहिली काही मिनिटं बघत बसले. तो लाल चड्डीवाला काय पळतो ग. मग ध्यानात आलं, मी बघतेय, ऐकतच नाहीये. तू सांगितलं होतंस आवाजाकडे लक्ष ठेवा. चित्र समोर असलं की कान आळशी होतात. म्हणून खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. दिलेलं काम मी अर्धवट करत नाही."

व्हॅनमध्ये फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. तारवाला दाराला टेकला आणि खाली बसला. त्याचे खांदे हलत होते. सूनबाईने आधी पडद्यावरची ती चौकट बंद केली, नीट, दोनदा बघून. बोट लागलं असतं तर पुढचा सगळा सामना लोकांनी पाठीमागून ऐकला असता, आणि का, तर एका घरात एका बाईने काम मनावर घेतलं म्हणून. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, कुठलं कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आई, टीव्ही पाठीमागे असला तर टीव्हीतला माणूस पाठीमागूनच बोलणार ना."

सासूबाई हरत नसत, पण कधी कधी विचार करत.

"ते आधी सांगायचं," त्या म्हणाल्या. "तुझ्या मागच्या-पुढच्या स्पीकरचा माझ्या खुर्चीशी काय संबंध ते मला कोण सांगणार, तुझा नवरा? तो वाफ घेतोय."

"चुकलं माझं. आता खुर्ची परत फिरवा."

"फिरवीन. पण मग त्या दोघी नीट ऐकू यायच्या नाहीत."

सूनबाई सरळ बसली. "कोण दोघी?"

"माझ्या समोरच्या. म्हणजे आता समोर आहेत, खुर्ची फिरवली की मागे जातील. भिंतीच्या कोपऱ्यातून बोलतात. धाकट्या जावेने घरी केला म्हणून केक आणला आणि तो दुकानातला निघाला, डब्याच्या तळाला किंमत तशीच. एक म्हणते आज सगळ्यांसमोर विचारणार. दुसरी म्हणते, नको, तिची आई आलीय. माझ्या मते विचारावं. तो माणूस गुडघा धरून पडला होता ना, तेव्हा तर अगदी स्पष्ट, शब्द न् शब्द."

आता छताकडे बघणारे मास्तर खाली बघू लागले.

सूनबाईने मागच्या स्पीकरना जाणारे प्रेक्षकांचे माइक एकेक करून एकटे ऐकायला सुरुवात केली. पहिला, नुसता गलका. दुसरा, एक शिट्टी आणि गलका. तिसरा फेडर वर केला आणि व्हॅनच्या मागच्या स्पीकरमधून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं, डबा पण तोच, त्याच दुकानाचा."

तारवाला उठून उभा राहिला.

"तो कठड्याला खाली बांधलायस?" सूनबाईने विचारलं.

"वर बांधला तर कॅमेरावाला ओरडतो, चित्रात काठी येते म्हणून. खाली बांधला. तेव्हा ती सीट रिकामी होती, ताई."

"सीट रिकामी राहते का सामन्याला?"

पुढचं ती त्याला बोलली नाही, कारण फेडर वर ढकलणारं बोट तिचंच होतं. हेडफोनमध्ये दिग्दर्शक बडबडत होता आणि मागून कुजबूज येतेय एवढ्यावर ती समाधान मानून बसली. कुजबूज कसली ते कान देऊन ऐकलं नाही. ती वळून मास्तरांना तसंच म्हणाली, "माझं चुकलं. घरी गेलंय थोडंसं. कुणाच्या लक्षात आलं असेल-नसेल, पण गेलंय."

"मग?" मास्तर म्हणाले.

"तो माइक मी बंद करतेय. तारवाला त्याला छताच्या खांबावर नेईल, कॅमेऱ्याच्या वरून. तोवर डाव्या बाजूला शेजारच्या माइकने भरून काढते."

"मला कशाला सांगतेस? खुर्चीत कोण बसलंय?"

तारवाला एव्हाना शिडीसाठी पळाला होता. फोनमधून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, त्यांना बंद करू नकोस. निकाल लागायचाय."

"आई, तो त्यांच्या घरचा निकाल आहे."

"घरचाच चांगला असतो. तुमच्या त्या सामन्यात काय आहे, कुणीतरी जिंकणार."

पण खुर्ची फिरवल्याचा खरखराट फोनवर ऐकू आला.

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा डावीकडचा मागचा आवाज जरा पातळ होता, आणि ते सूनबाईला दातात अडकलेल्या कणासारखं सलत राहिलं. शेजारच्या माइकला ती ओढून ताणून डावीकडे आणत होती, आणि चेंडू एकीकडे पळतच होता. त्याला काय, त्याला मागे बघायचं नसतं. मग हेडफोनवर तारवाला म्हणाला, "ताई, वर पोचलो. बांधला. खाली बघवत नाहीये." तिने तो फेडर जरासा उचलला, आणि या वेळी हेडफोन एका कानावरून सरकवून नीट ऐकलं. वारा, दूरची घोषणा, हजारो माणसांची एकच गुरगुर. एकही केक नाही.

गोल बरोबरीत असताना पेनल्टी मिळाली. लाल चड्डीवाल्याने चेंडू ठेवला आणि चार पावलं मागे गेला. सगळं स्टेडियम गप्प झालं. ही तीच शांतता, खेळाडू पडला होता तेव्हासारखी, पण त्याहून कितीतरी खोल. दुसरं कुणी असतं तर एकदा पोळल्यावर प्रेक्षकांचे फेडर हळूच खाली घेतले असते, सुरक्षित. कुणी काही म्हटलंही नसतं. घरी लोकांना नुसता समालोचकाचा श्वास ऐकू गेला असता. सूनबाईने पाचही बोटं प्रेक्षकांच्या फेडरवर ठेवली आणि सगळे वर नेले, जातील तिथपर्यंत. मागच्या स्पीकरमधून एवढ्या माणसांनी एकदम न घेतलेला श्वास आत आला. कुठेतरी वर, डावीकडे, एक मूल खोकलं. समालोचक त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला. मग बुटाची लाथ, जाळीचा सळसळाट, आणि मागून भिंत कोसळावी तसा गलका, तो डावीकडून उजवीकडे स्टँडभर धावत गेला.

तिने फेडर सांभाळत खाली आणले, बोटं पुन्हा चेंडूवर. फोन वाजला. मध्यंतराशिवाय फोन करायचा नाही असं सांगितलं होतं, पण सांगितलेलं ऐकणं हे सासूबाईंनी फक्त आजच्यापुरतं कबूल केलं होतं.

"मी समोर बसलेय," त्या म्हणाल्या. "माणूस टीव्हीतून बोलतोय. आणि माझ्या पाठीमागे सगळे ओरडतायत. मी मागे वळून बघितलं, घाबरून. भिंत होती." जरा थांबून त्या म्हणाल्या, "बरंय." आणि फोन ठेवला. स्वतःहून.

सूनबाईला फोनकडे बघायलाही वेळ नव्हता, चेंडू उजव्या कोपऱ्याकडे चालला होता. तिच्या पाठीमागे स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग व्हॅनचं दार उघडलं, थोडा बाहेरचा उजेड आणि थोडा खराखुरा गलका आत आला, आणि दार लागलं.

"कोण आलं?" तिने न वळता विचारलं.

"आलं नाही, गेले," हेडफोनवर तारवाला म्हणाला. तो नुकताच शिडीवरून उतरून व्हॅनपाशी आला होता. "मास्तर चहाला निघाले."

"सामना चालू असताना?"

"मी पण तेच विचारलं. इतक्या वर्षांत कधी उठले नाहीत ते. म्हणाले, आत मला काही काम नाही. तुला साखर किती विचारलंय."

"दोन चमचे सांग," सूनबाई म्हणाली, आणि कोपऱ्यातला माइक वर उचलला, कारण चेंडू तिथे पोचला होता.